हद्दीवरची हाक

ज्ञानोबाला ज्ञानोबा म्हणणारी सगळी माणसं वर गेली होती. आई गेली, थोरला भाऊ गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात लंगोटीयार बलभीमही गेला. आता तो सगळ्या गावाचा नाना होता. पोरंटोरं नाना म्हणायची, सरपंच नाना म्हणायचा, डेअरीवर दूध घालायला जावं तर मापवालाही नाना म्हणायचा. सरकारी कागदावर नाव होतं म्हणा, पण तिथं आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाव. एवढी वरात निघाल्यावर त्यातला आपण कोणता, हे ज्याचं त्यालाच कळत नाही. मान मिळत होता, तक्रार तरी कशाची करायची? पण कुणीतरी आपल्याला नुसती नावानं, मोकळ्या गळ्यानं हाक मारावी, अशी हौस सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या जिवाला चिकटून बसली होती. सांगायची चोरी आणि सोसवत नाही, अशी गत.

अशी हाक मारण्याजोगं एकच माणूस उरलं होतं, आणि ते घरातच होतं. पण लग्नाला चार तपं होत आली तरी सारजाबाईनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या सासूनं उंबरठ्यावरच बजावून ठेवलं होतं. तेव्हापासून 'अवं' नि 'ऐकलं का', आणि पोरगा झाल्यावर 'इंद्रजितचं बाप'. हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घ्यायची, नाही असं नाही. पण उखाण्यातलं नाव म्हणजे पूजेतली सुपारी. मांडायची, कुंकू लावायचं, उचलून ठेवायची. तिला काय कुणी खातंय?

एकदा हिंमत करून त्यानं विषय काढला होता.

"एकडाव म्हनून तर बघ."

"कशापायी? जड झालात व्हय मला?" असं म्हणून ती चुलीपुढून जी उठली, ती त्या दिवशी भाकरी करायलाच परत बसली नाही. ज्ञानोबानं रात्री शेंगदाणे खाल्ले आणि विषय मिटवला.

आणि मग गावात सिनेमा आला. म्हणजे थेटरात नव्हे, थेट माळावर. बलभीमची नात हर्षाली पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेऊन आली, आणि आल्या आल्या ज्ञानोबाच्या गोठ्यापुढं उभी राहिली.

"नाना, वेस्टर्न करायचाय."

"म्हंजे काय असतंय?"

"माळ, धूळ, घोडे, बंदुका. माणसं हद्द ओलांडायला निघतात आणि वाटेत जिवावर बेततं. तसला सिनेमा, पण आपल्या मातीतला. अठ्ठेचाळीस साल. नवरा-बायको निजामाच्या मोगलाईतून भारतातल्या बार्शीकडं निघालेत. हद्दीवर निजामाचे बंदूकवाले."

"घोडा कुठाय?"

"घोडा न्हाय परवडत. म्हणून तर तुमच्याकडं आले."

गावात आता ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. लाकडी गाडी आणि तिला जुंपायला बैलजोडी एकट्या ज्ञानोबाकडं उरलेली. एक हौशा आणि दुसरा पाखऱ्या. बैल द्यायला तो एका पायावर तयार झाला, फक्त हाकायला मीच बसणार, म्हणाला. बैलं दुसऱ्याचं ऐकत नाहीत. अशा रीतीनं सिनेमाला नायक मिळाला. खरं म्हणजे बैलांमागून आला.

"आनि नायकाचं नाव काय ठिवलंस?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अजून ठरलं न्हाय. तसं कुणी फार बोलतच नाही यात. संथ सिनेमा आहे, नाना. माणसांचे चेहरे बोलतात. फक्त शेवटी हद्दीवर गोळी सुटते, नवरा गाडीवरून खाली पडतो, तेव्हा बायको त्याला नावानं हाक मारते. सगळ्या सिनेमात तिचा तेवढाच शब्द."

ज्ञानोबाच्या पोटात एकदम गुदगुल्या झाल्या. देव द्यायला लागला की छप्पर फाडून देतो म्हणतात. इथं तर छपराखाली येऊन उभा होता.

"मग ज्ञानोबाच ठेव की."

"तुमचंच नाव?"

"मला सवयीचं पडंल. आनि बायकूचं काम आमच्या हिलाच दे. परक्या बाईसंगं गाडीत बसायचं म्हंजे ह्या वयात बरं दिसत न्हाय."

सारजाबाईला त्यानं एवढंच सांगितलं, की तोंड उघडायचं नाही, नुसतं गाडीत बसायचं. ती हसली. "तोंड न उघडता बसायला मला कोन शिकवील? तुमच्या घरात जन्म गेला," म्हणाली आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं.

शूटिंग सुरू झालं आणि संथ सिनेमा म्हणजे काय चीज असते हे गावाला कळलं. गाडी या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत जायची. मग परत यायची. मग पुन्हा जायची. हर्षाली छत्रीखालून ओरडायची, "सावकाश, नाना! अजून सावकाश!"

"पोरी, ह्याहून सावकाश गेलं तर बैलं झोपत्याल."

कॅमेऱ्यावर जवळच्या वाशीचा रणधीर होता. त्याचा जन्म लग्नाच्या शूटिंगात गेलेला. अठ्ठेचाळीस सालातलं संकटात सापडलेलं जोडपं दिसलं तरी त्याच्या तोंडून सवयीनं निघायचंच, "काकू, जरा नानांकडं बघून हसा. नाना, हात खांद्यावर." काकू पदरात तोंड घालून खुसुखुसु हसायच्या आणि हर्षाली कपाळाला हात लावायची. बघायला जमलेलं गाव बांधावर बसून शेंगा फोडत होतं.

"गोष्ट कधी सुरू व्हायची म्हनं?" एकानं विचारलं.

"सुरू झाली की. मघाशी नानानं नाक खाजवलं, ती गोष्टच हुती," दुसऱ्यानं सांगितलं.

ज्ञानोबाला त्याचं काही नव्हतं. त्याचा सगळा जीव शेवटच्या दिवसावर टांगलेला. गाडीवर बसल्या बसल्या तो मनात ती हाक घोळवायचा. ती कशी असेल? लांब ओढलेली असेल की तुटकी? शेवटाला 'बा' म्हणताना तिचा आवाज चिरकेल का? नवरदेवालासुद्धा एवढी घाई नसते.

शेवटचा दिवस उजाडला. बार्शीच्या हद्दीजवळच्या माळावर बांबूचा आडणा लावून निजामाचा नाका उभा केला होता. गावातली चार पोरं खाकी कपड्यात, लाकडाच्या बंदुका घेऊन उभी होती. ज्ञानोबानं पडायचं तिथं कडब्याचा ढीग रचला होता. आणि बंदुकीच्या आवाजासाठी खास फटाक्यांच्या तेरखेड्याहून उत्तरेश्वर आला होता, पिढीजात फटाकेवाला. हर्षालीनं त्याला दोन बॉम्ब सांगितले होते, नाक्यामागच्या झुडपात उडवायला.

"दोनच?" त्यानं विचारलं.

"दोनच. दोन गोळ्या सुटतात."

त्याचं तोंड उतरलं.

आधी बिनआवाजाची तालीम झाली. ज्ञानोबा कडब्यावर झोकात पडला, आणि हर्षालीनं सारजाबाईला तिचा शब्द सांगितला. सारजाबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की कडब्यात अजून खोल शिरावं असं त्याला वाटलं.

"तोंड उघडायचं न्हाय म्हनला हुता न्हवं?"

"एकच शबुद हाय," तो कडब्यातून म्हणाला.

ती मुकाट गाडीत बसली. पोरीचा सिनेमा मोडायला नको, म्हणून. गाडी आली, नवरा पडला, आणि ती ओरडली, "अवंऽऽ!"

"काकू, नावानं."

गाडी फिरवून आणली. "इंद्रजितचं बाऽऽप!"

"काकू, सिनेमात इंद्रजित न्हाय हो!"

"मग त्यो कुठं गेला?" सारजाबाईनं काळजीनं विचारलं.

हर्षालीनं युक्ती काढली. सिनेमातल्या नवऱ्याचं नाव गौरीशंकर ठेवू, मग तर काही हरकत नाही? ज्ञानोबाच्या काळजात चर्र झालं. पण सारजाबाई गाडीतच ताडकन उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला म्या गौरीशंकर म्हनू? परक्या गड्याच्या नावानं हाका मारू चारचौघांत? आगं, शोभंल का मला?"

बांधावरच्या बायकांनी माना हलवल्या. नाही, नाहीच शोभत. मग रणधीरनं आपल्या धंद्यातला तोडगा सुचवला, की उखाण्यात घ्या. ते मात्र सारजाबाईला पटलं. गाडी आली, ज्ञानोबा गोळी लागून पडला, आणि सारजाबाईनं पदर सावरून, सुरात म्हटलं:

"बार्शीच्या वाटेवर बाभळीची सावली,
ज्ञानोबारावांचं नाव घ्यायची पाळी माळावर आली!"

टाळ्या पडल्या. निजामाच्या शिपायांनीसुद्धा बंदुका काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

"काकू, त्याला गोळी लागलीय!" हर्षाली रडकुंडीला आली.

"म्हनून तर घाईत घेतलं. न्हायतर मोठा येतोय मला."

ज्ञानोबा कडब्यात उताणा पडून आभाळाकडं बघत होता. लोक हसत होते आणि त्याला खरोखरच गोळी लागल्यासारखं झालं होतं. एवढं नाटक रचलं, बैल दमवले, पोरीला फसवलं आणि बायकोलाही, आणि शेवटी पदरात काय, तर सुपारीच. आपल्याच हौसेचं त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हातारपणी काय हे खूळ, असं म्हणत तो अंग झाडून उठला.

"आता खऱ्या आवाजानिशी घेऊ," हर्षाली म्हणाली. "बॉम्ब वाजला की काकू दचकतील. हाक आपोआप निघेल."

झुडपामागं काय चाललं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिथं उत्तरेश्वरनं दोन बॉम्ब मांडले, बघितले, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तेरखेड्याचा माणूस एवढ्या लांब यायचा, सगळं गाव जमलेलं, आणि नुसतं ढम ढम करून परत जायचं? उद्या पाहुण्यांत काय तोंड दाखवायचं? त्यानं पिशवीतली फटाक्यांची लांबलचक माळ काढली, झुडपांवरून नागासारखी फिरवत नेली, आणि तिची वात गुपचूप दुसऱ्या बॉम्बला जोडून टाकली. लग्नाच्या मानानं बेतशीरच, असं त्याचं म्हणणं नंतर पडलं.

गाडी निघाली. सावकाश. पहिला बॉम्ब वाजला, बैलांचे कान उभे राहिले. दुसरा वाजला, ज्ञानोबा ठरल्याप्रमाणं कासरा सोडून कडब्यावर पडला, डोळे मिटले आणि कान उघडे ठेवून थांबला.

आणि मग माळ पेटली. ताड ताड ताड ताड, जणू सगळ्या तालुक्याच्या नवरदेवांची वरात एकाच झुडपात शिरली होती. तीन दिवस 'सावकाश, सावकाश' ऐकून हौशा आणि पाखऱ्या तसेही कावले होते. त्यांनी शेपट्या वर केल्या आणि अशी उडी घेतली, की गाडी क्षणभर दोन्ही चाकांवर उरली की नाही याची खात्री कुणी देऊ शकलं नाही. निजामाचे शिपाई चरात पडले. बांबूचा आडणा काडीसारखा मोडला. नाका गेला, त्यावरची पाटी गेली, आणि धुळीच्या लोटात एकट्या सारजाबाईला घेऊन गाडी बार्शीच्या दिशेनं सुसाट सुटली.

ज्ञानोबानं डोळे उघडले, आणि मेलेला माणूस उठला. केसांत कडबा, एका पायात वहाण, असा तो गाडीमागं धावत सुटला.

"अगंऽऽ!" तो ओरडला. पण 'अगं' म्हटल्यावर बांधावरच्या सगळ्या बायका ओ द्यायला लागल्या. "इंद्रजितच्या आईऽऽ!" तो ओरडला, आणि त्यात त्याचा दम असा गेला, की तेवढ्यात गाडी ओढ्याला लागली. धावत्या माणसाला एवढं लांब नाव परवडत नाही. त्याला आता कसली हाक नको होती. ही बाई तेवढी हातीपायी धड राहू दे, मग जन्मभर 'अवं' म्हणो, काहीही म्हणो.

"सारजाऽऽ!"

चार तपांत पहिल्यांदा त्यानं बायकोला नावानं हाक मारली. चारचौघांत बायकोचं नाव घेणाऱ्याला त्याच्या पिढीत काय काय म्हणत, ते त्याला पाठ होतं. पण लाजायला आता सवड कुणाला होती?

"सारजाऽऽ! कासरा धर! सारजाऽऽ, हौशाला वढ! सारजाऽऽ!"

माळ दणाणून गेला. आणि धुळीतून त्याला दिसलं ते असं, की गाडीच्या तळाशी गोळा होऊन बसलेली सारजाबाई उठून उभी राहिली. पुढं वाकून तिनं लोंबणारा कासरा पकडला. पदर सुटून झेंड्यासारखा फडफडत होता. आता बैलांना तिच्याइतकं कोण ओळखणार? रोजची वैरण-पेंड तिच्याच हातची. तिनं त्यांना आवरायचं नावही काढलं नाही. "हाऽऽय रं माझ्या वाघाऽऽ!" अशी आरोळी ठोकली, ओढ्याचं पाणी दोन्हीकडं उडवलं, खरी हद्द दाखवणारा तो जुना दगड मागं टाकला आणि चढाला लागलेल्या एका नांगरटीत गाडी घातली. ढेकळांत चाकं रुतली. बैल दोन-चार धक्के देऊन फुसफुसत थांबले.

ज्ञानोबा पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. सारजाबाई गाडीत बसून हसत होती. नुसती हसत नव्हती, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. तोंड धुळीनं लाल, अंबाडा सुटलेला.

"लागलं का गं कुठं?"

"न्हाय."

"मग हसायलीस काय येड्यागत?"

"पुन्यांदा मारा की."

"काय मारू?"

"हाक. मघाशी मारली ती."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बाकीचे अजून ओढ्यापलीकडं धडपडत होते. "सारजा," तो पुटपुटला.

"असं न्हाय. लांबनं मारा."

आणि तो, सगळ्या गावाचा नाना, मुकाट्यानं ढेकळं तुडवत पार शेताच्या धुऱ्यापर्यंत गेला, वळला आणि ओरडला, "सारजाऽऽ!"

"आलेऽऽ!" ती गाडीतून ओरडली. आली मात्र नाही. तिथंच पोट धरून हसत राहिली. मग त्यालाही हसू फुटलं. दोघं हसताना बघून बैलांनी माना फिरवल्या.

तो परत आला तेव्हा ती जरा निवली होती. पदर डोक्यावर घेत म्हणाली, "माय गेली तवापासनं ह्या नावानं कुनी हाक मारली न्हवती मला. सून आई म्हनती, गाव काकू म्हनतंय, तुमी अगं म्हनता. माझं नाव असं वाजतंय हे म्या इसरूनच गेले हुते बगा."

ज्ञानोबा जागच्या जागी उभा राहिला. इतकी वर्षं आपल्या एकट्याच्याच पोटात भूक आहे, असं समजून तो चरफडत होता. तीच भूक पलीकडच्या अंथरुणावर, त्याच्याहून जुनी, गपगुमान झोपत होती. ती तर सोळाव्या वर्षीच नाव माहेरी ठेवून आली होती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली. तो उगाच पाखऱ्याची पाठ चोळत बसला.

"एक इचारू?" सारजाबाई म्हणाली. "तुमी एवढ्यांदा माझं नाव घेतलं. म्हंजे मला काय झालं का?"

"कुठं काय झालं?"

"उलट अंगात बळ आलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

तेवढ्यात हर्षाली धापा टाकत आली, आणि काकूंना कुठं लागलं नाही हे दिसल्यावर ढेकळांवर फतकल मारून बसली. मागून रणधीर आला. त्यानं कॅमेरा बंद केलाच नव्हता. वरातीत घोडं उधळलं तरी बंद करायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम. "सगळं आलंय," तो म्हणाला. "फक्त संथ न्हाय आलं." सर्वांत मागून उत्तरेश्वर आला, मान खाली घालून, आणि आवाज कसा झाला ते विचारू की नको अशा बेतात उभा राहिला.

"सिनेमाचा शेवट बदलते," हर्षाली म्हणाली. "हाक नानांचीच ठेवते. बायको सुटते, नवरा मागं राहतो, आणि तो हाक मारतो. काकूंना काही बोलायलाच नको."

बरं, म्हणाला ज्ञानोबा. आणि त्याला खरंच बरं वाटलं. हाक मागायला निघालेला माणूस हाक देऊन बसला होता, आणि दिल्याचं सुख काही कमी नव्हतं. मागण्याचं दुखणं आता थोडंफार सोसवेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

सगळे पायी पुढं गेले. गाडी नांगरटीतून काढून दोघं मागून निघाले. ज्ञानोबानं कासऱ्याला हात घातला, तर सारजाबाईनं तो बाजूला सारला. एकदा हातात आलेला कासरा ती थोडीच सोडणार होती? मग तो निमूट मागं जाऊन, गाडीच्या कडेला पाय बाहेर सोडून बसला. ऊन कलत होतं. बैल आता कुणी न सांगता सावकाश चालले होते. ओढा आला, हद्दीचा दगड आला. सारजाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. समोर बैलांकडं बघत, रोजचंच काहीतरी सांगावं तशी ती म्हणाली:

"ज्ञानोबा, पाय आत घ्या. चाकात जात्याल."

त्यानं ऐकलं होतं, चांगलं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

"काय म्हनलीस? ऐकू न्हाय आलं," तो धडधडीत खोटं बोलला.

"ज्ञानोबाऽऽऽ!" सारजाबाई एवढ्या मोकळ्या गळ्यानं ओरडली, की दोन्ही बैलांनी कान टवकारले आणि पुढं गेलेलं सगळं गाव गर्रकन मागं वळलं. "पाय आत घ्या म्हनलं!"

"ओऽऽ!" ज्ञानोबानं ओ दिली.

पाय मात्र त्यानं बाहेरच ठेवले.